बायलरवरचे शुद्ध उच्चार

राइस मिलच्या मागे भुशाचा ढीग असतो. तो कोणी मुद्दाम रचत नाही. मिल चालू असली की तो वाढतो. मिलमधल्या किस्स्यांचंही तसंच आहे. मी ते जमवायला कधी गेलो नाही. तुमसरच्या एका मिलमध्ये बायलरवर उमर काढली आणि मागे वळून पाहिलं, तर हा एवढा ढीग.

गेल्या दोन वर्षांत तो जरा जास्तच वाढला. पुण्याहून आमच्याकडे नवे मॅनेजर आले आणि त्यांनी आमची इंग्रजी सुधारायचं मनावर घेतलं. आमची इंग्रजी ती काय? वाल, इस्टीम, परेशर, पंप. एवढ्यावर आम्ही मिल चालवली. साहेबांना ते ऐकवेना.

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. आमची मिल उसन्या तांदळाची. धान वाफेवर उकडायचं, वाळवायचं, मग भरडायचं. वाफ बायलरची, बायलर जळतो भुशावर. आणि सर्टिफिकेटवाला माणूस नसेल तर बायलर पेटवता येत नाही, असा कायदा आहे. ते सर्टिफिकेट माझ्याकडे आहे. मी चौथी शिकलो, पण ते घरात फ्रेम करून लावलं आहे. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बायलरवर काचेची नळी असते, तिच्यात आतलं पाणी किती आहे ते दिसतं. ती पाण्याची रेघ मला दिसेनाशी झाली. ज्या दिवशी दिसली नाही, त्याच दिवशी मी शेठजींना सांगितलं, की माझ्या जागी देवानंदला तयार करा.

देवा सिहोऱ्याकडचा. सहा वर्षं भुशाच्या ढिगावर होता, त्यानंतर बारा वर्षं माझ्या हाताखाली. बायलरच्या नुसत्या आवाजावरून आत काय चाललं आहे ते सांगतो. पण कागद नाही. कागदासाठी नागपूरला परीक्षा.

शेठजी त्याला म्हणाले, "पास हो जा, बायलर तेरा. नहीं तो बाहर से आदमी लाऊंगा, और तू वापस भूसे पे."

भुशाच्या ढिगावर दिवसभर उभं राहिलं की रात्रभर अंग कसं खाजतं, ते देवाला विचारा. त्याला परत तिकडे जायचं नव्हतं.

परीक्षा तोंडी होती. 'तोंडी' हा शब्द ऐकल्याबरोबर मॅनेजर साहेबांनी देवाला ताब्यात घेतलं.

*

पण साहेबांचा पहिला दिवस सांगायचा राहिला.

त्या दिवशी मिल पूर्ण चालू होती. बायलरचा पंखा, भरडायची यंत्रं, चाळण्या. त्या आवाजात बोलण्याला अर्थ नसतो, म्हणून आमच्यात हातांनी बोलतात. डोळ्यापुढे एक बोट उभं धरलं, की काचेतलं पाणी. मूठ हवेत फिरवून खाली आणली, की पंखा बंद. दोन्ही हातांनी ओढून मागे टाकल्यासारखं केलं, की भुसा थांबव. आणि दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरून बाहेर फेकले, की हातातलं टाका आणि गेटबाहेर व्हा.

साहेबांनी तासभर हे पाहिलं. मग ऑफिसात जाऊन शेठजींना विचारलं, "इतके मुके कामगार एका ठिकाणी कसे मिळाले? सरकारी योजना आहे का काही?"

शेठजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी पाणी मागवलं. हाताने.

*

ही सवय घरापर्यंत जाते. आवाज सुरू झाला की आमचं तोंड आपोआप बंद होतं आणि हात चालू होतात. आवाज थांबला की तोंड उघडतं, पण ते मिलच्या मापाने.

देवाची बायको शालू एकदा मिक्सरमध्ये चटणी वाटत होती. मिक्सर चालू, म्हणून देवाने हाताने सांगितलं, वाढ. तिची पाठ त्याच्याकडे होती. त्याने परत सांगितलं. मिक्सर बंद झाला आणि त्याच क्षणी देवा बोलला. शेजारच्या दोन घरचे लोक भांडण सोडवायला धावत आले.

शालू त्यांना म्हणाली, "या, बसा. भांडन नाही होय जी. भात मांगून राहिले."

*

साहेबांनी बायलरजवळच्या भिंतीवर मोठा कागद लावला. वर लिहिलं, 'योग्य उच्चार'. डावीकडे आमचे शब्द, प्रत्येकावर लाल फुली. उजवीकडे त्यांचे. वाल नाही, व्हॉल्व्ह. इस्टीम नाही, स्टीम. परेशर नाही, प्रेशर. गेज नाही, गॉज. रोज सकाळी दहा मिनिटं सगळ्यांना ओळीने उभं करून म्हणायला लावत. हमालही सुटले नाहीत. पाठीवर पोतं घेतलेल्या एकाला त्यांनी वाटेत थांबवलं आणि 'व्ह' म्हणायला सांगितलं.

तो वाकलेला होता तसाच म्हणाला, "पोतं ठेवून म्हनलं त चालन का जी?"

एक दिवस शेठजी बायलरकडे आले. कागदासमोर उभे राहिले. चष्मा लावून सगळा वाचला.

"मनीजर साब, बहुत अच्छा किया. इस्टाफ सुधर जाएगा. ये इस्टीम भी बराबर लिखा है ना?"

"हो शेठजी, अगदी बरोबर," साहेब म्हणाले.

लाल पेन खिशातच राहिला.

*

इंग्रजी झाली की मराठीकडे वळत. मला म्हणाले, "काका, 'मले' नाही म्हणायचं. 'मला'."

मी विचारलं, "तुमाले समजलं का?"

"समजलं."

"मंग झालं."

तेच साहेब पहिल्या हंगामात गेटवर येऊन विचारत, "आज भाताच्या किती गाड्या आल्या?" त्यांच्याकडे शेतातल्या धानालाही भात म्हणतात म्हणे. आमचा वॉचमन त्यांना म्हणाला, "साहेब, भात इकडं गाडीनं नाही येत. डब्यात येते, बारा वाजता."

पण त्यांना कोणी दहा मिनिटं ओळीत उभं केलं नाही. आम्ही समजून घेतलं.

*

बायलर बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला. मुरुगन नाव, तमिळनाडूचा. तो यायच्या आधी आठ दिवस साहेबांनी आम्हाला घोकून घेतलं. म्हणाले, "कंपनीचा माणूस येतोय. तुमचं इंग्रजी ऐकून हसेल. मिलची अब्रू जाईल."

मुरुगन आला. बायलरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "वाल्वु लीक. पंपु ओके."

साहेब म्हणाले, "पार्डन?"

मुरुगन परत तेच म्हणाला. साहेबांनी परत पार्डन म्हटलं. असं चार वेळा झालं. साहेबांची इंग्रजी त्याला कळेना, त्याची साहेबांना. शेवटी देवा पुढे झाला. मुरुगनने बोट दाखवलं, देवाने पाना दिला. देवाने मूठ फिरवली, मुरुगनने पंखा बंद केला. दिवसभर दोघे एकमेकांशी बोलत होते आणि एक शब्दही झाला नाही. संध्याकाळी वाफ गळायची थांबली.

मुरुगन हात पुसता पुसता भिंतीवरच्या कागदाकडे पाहत होता. त्याने 'गॉज'वर बोट ठेवून आमच्याकडे पाहिलं, कारण शेजारी साहेबांनी तो शब्द इंग्रजी अक्षरातही लिहिला होता आणि पुढे मोठी बरोबरची खूण केली होती. मी म्हणालो, "साहेब म्हनतेत गॉज."

"नो, नो. गेजु," मुरुगन म्हणाला.

मी मुरुगनसाठी चहा मागवला. दुसऱ्या दिवशी त्या ओळीवर पांढऱ्या कागदाची चिठ्ठी डकवलेली होती.

देवाने मात्र साहेबांना विचारलं, "साहेब, ते तं वाल्वु म्हनून राहिले होते. त्यायले काहून नाही टोकलं?"

"ते इंजिनिअर आहेत, देवा."

"असं होय," देवा म्हणाला. "म्हंजे आदी इंजिनिअर व्हा लागते, मंग वाल म्हनता येते."

*

परीक्षेची तयारी अशी. जेवणाच्या सुट्टीत साहेब देवाला आरशासमोर उभं करत. वरचे दात खालच्या ओठावर ठेवायचे आणि हवा सोडायची. व्ह. ओठांपुढे कागदाची पट्टी धरत. ती हलली पाहिजे.

देवा मला म्हणाला, "काकाजी, जेवन तं होतच नाही जी. ओठच चावून होते."

मी साहेबांना म्हणालो, की त्याला सगळं येतं, तुम्ही नका पडू यात. साहेब म्हणाले, "काका, ज्ञान असून उपयोग नाही. प्रेझेंटेशन लागतं."

थंडीत पहिली परीक्षा झाली. खोली शांत. समोर एक वयस्कर साहेब. त्यांनी साध्या मराठीत विचारलं, आत वाफेचा जोर फार वाढला तर आपोआप काय उघडतं? देवाला हे झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. सेप्टी वाल. पण आता 'वाल' म्हणायची सोय राहिली नव्हती. देवाने वरचे दात खालच्या ओठावर ठेवले आणि तो तसाच राहिला.

परीक्षेच्या साहेबांनी थोडी वाट पाहिली. मग विचारलं, "दात दुखतो का?"

देवा नापास होऊन आला. शेठजी म्हणाले, मे महिन्यात आखरी मौका, उसके बाद बाहर का आदमी.

मॅनेजर साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि निदान केलं, "तुझा 'व्ह' अजून कच्चा आहे."

मी म्हणालो, "साहेब, बारा वर्सात त्याचा वाल कदी कच्चा नव्हता."

*

होळी होऊन गेल्यावरची गोष्ट. मी पन्नास पावलांवर डबा उघडून बसलो होतो. बायलरवर देवा होता. बायलरला पाणी देणाऱ्या पंपाच्या जाळीत गाळ अडकला होता, हे मागून कळलं. बायलरमधलं पाणी कमी होत गेलं आणि काचेतून दिसेनासं झालं. आत पाणी नाही आणि खाली आग. अशा वेळी नवखा माणूस एकच गोष्ट करतो. घाबरून पाणी सोडतो. तापून लाल झालेल्या लोखंडावर थंड पाणी. मग बायलर जागेवर राहत नाही आणि आजूबाजूचं काही राहत नाही.

मॅनेजर साहेब नेमके तिथे होते. रिकामी काच त्यांनीही पाहिली. ते देवाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "दुसरा फीड पंप स्टार्ट कर!"

उच्चार अगदी शुद्ध होता. देवाने ऐकलं असतं, तर तो किती शुद्ध होता हे सांगायला आज कोणी नसतं.

देवाने फक्त मान हलवली. पंखा बंद केला, भुसा बंद केला, पंपाच्या बटणापुढे स्वतः उभा राहिला. मग वळून दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले आणि बाहेर फेकले.

मिल रिकामी झाली. हमाल, वॉचमन, ऑफिसातला कारकून, सगळे गेटबाहेर. साहेब सगळ्यांच्या पुढे. त्यांचा एक बूट भुशात राहिला. देवा आतच थांबला. मी आत गेलो. दोघांनी आग ओढून काढली आणि लोखंड थंड होईपर्यंत बसलो. देवाने मला मूठभर मुरमुरे दिले.

संध्याकाळी साहेब बूट शोधून आले. तरी सवय जात नाही. "देवा, एवढी गंभीर गोष्ट. तोंडाने सांगायची ना."

देवा म्हणाला, "तोंडानं सांगतलं असतं, त तुमी उच्चार सुदरवत बसले असते जी."

*

त्यानंतर शेठजींनी हुकूम काढला. दर सोमवारी सराव. देवाने कधीही, न सांगता, हात वर करायचे आणि सगळ्यांनी गेटबाहेर पळायचं. साहेबांनी हे काम मनापासून अंगावर घेतलं. मोबाइलवर सेकंद मोजत. पण मोजणारा माणूस मागे राहायला हवा, तसे ते कधी राहिले नाहीत. देवाचे हात पुरते बाहेर फेकून होईपर्यंत साहेब गेटवर पोचलेले असत. दर सोमवारी पहिले.

"आता विचार करावा लागत नाही," ते अभिमानाने सांगत. "हात दिसले, की पाय आपोआप निघतात. याला म्हणतात ट्रेनिंग."

*

मे महिन्यात दुसरी परीक्षा आली. आम्ही तिघे सकाळच्या एसटीने निघालो. साहेबांनी भंडाऱ्यापर्यंत देवाला वहीतून शब्द म्हणायला लावले. भंडाऱ्याला चहा प्यायला उतरलो, तिथेही. चहावाल्याने विचारलं, "पेशंट आहे का?" देवाच्या बायकोने बरोबर डबा दिला होता. त्याने तो उघडला नाही.

नागपूरला परीक्षेची जागा दुसऱ्या मजल्यावर. बाहेर एक बाक. दाराला वरच्या भागात काच. देवाला आत बोलावलं आणि दार लागलं. मी आणि साहेब बाकावरून त्या काचेतून पाहत होतो. तेच वयस्कर साहेब होते. कोपऱ्यात एक बाबू फाइल घेऊन उभा होता.

"ओठांकडे लक्ष ठेवा काका," साहेब हळूच म्हणाले. "पहिला 'व्ह' नीट गेला की पुढचं सोपं आहे."

एवढ्या लांबून मला ओठ दिसत नाहीत. मी तसं सांगितलं.

सुरुवातीला आत शांतता होती. देवा उभा होता. आतल्या साहेबांनी काही विचारलं. देवाने दात ओठावर ठेवले असावेत, कारण माझ्या शेजारचे साहेब वही घट्ट धरून, "सोड, हवा सोड," असं पुटपुटत होते. आतले साहेब घाम पुसायला लागले. देवा तसाच. मला भुशाचा ढीग दिसायला लागला.

मग आतल्या साहेबांनी बाबूला काही सांगितलं आणि बाबूने कूलर सुरू केला.

जुना लोखंडी कूलर होता. मोठा. काचेची तावदानं वाजायला लागली. आमच्या बायलरचा पंखा बरा म्हणावा, असा आवाज. आम्हाला बाहेरसुद्धा एकमेकांचं बोलणं ऐकू येईना.

आतल्या साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला. तो मला ऐकू आला नाही. उत्तरावरून कळला.

देवाचं तोंड बंद झालं. पाठ सरळ झाली. त्याने डोळ्यापुढे एक बोट उभं धरलं आणि मान हलवली. काचेत पाणी नाही. मूठ हवेत फिरवून खाली आणली. पंखा बंद. दोन्ही हातांनी ओढून मागे टाकलं. भुसा बंद. मग भिंतीकडे, जिथे पंप असता तिथे बोट दाखवलं आणि दोन्ही हात आडवे धरून स्वतः मध्ये उभा राहिला. पाणी नाही सोडायचं. कोणी सांगितलं तरी नाही.

आतले साहेब खुर्चीतून पुढे सरकले होते.

देवाने एक मोठा श्वास घेतला. दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले आणि पूर्ण ताकदीने बाहेर फेकले.

दार धाडकन उघडलं आणि कोपऱ्यातला बाबू फाइल टाकून बाहेर आला. जरा पुढे जाऊन थांबला. मग इकडेतिकडे पाहत परत आत गेला.

तेवढ्यात परीक्षेचे साहेब दारात आले. त्यांचा एक हात देवाच्या खांद्यावर होता आणि डोळ्यांत पाणी होतं, हसण्याचं. कूलरच्या आवाजावर त्यांनी मला ओरडून सांगितलं, "हा माणूस पास! याच्या मॅनेजरला बोलवा, अर्जावर त्यांची सही राहिली आहे. कुठे आहेत ते?"

मी शेजारी पाहिलं. बाकावर शब्दांची वही होती.

मी तोंड उघडलं नाही. हाताने जिना दाखवला.